टाइपवाल्याची नोटीस टाइपवाल्यानेच

नोटीस कशी द्यायची हे तू मला फोनवर चार मिनिटांत शिकवलंस. त्यातलं दीड मिनिट तू मध्येच दुसऱ्या कुणाशी बोलत होतास. उरलेल्या अडीच मिनिटांच्या शिकवणीवर मी शहात्तराव्या वर्षी अशी तोंडघशी पडले की गल्लीत मान वर करून चालायची सोय राहिली नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचा आशीर्वाद मोकळ्या मनाने देता येईल.

चिरंजीव थोरल्यास आईचा आशीर्वाद. (धाकटा कुणी झालाच नाही, पण थोरला म्हणवून घ्यायची तुला पाळण्यापासून हौस.) तुझी तब्येत विचारत नाही, मागच्या फोटोत ती मावत नव्हती. सूनबाईंची कंबर कशी आहे? खुर्चीत पाठीमागे उशी घ्यायला सांग, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, नाहीतर घ्यायची नाही. नातीच्या परीक्षेचं काय झालं ते कुणी कळवलं नाही, म्हणजे काय झालं ते कळलं. माझं म्हणशील तर डावा गुडघा पाऊस यायचा असला की आधी सांगतो. उजवा काही न सांगता नुसता ठणकतो, तो तुझ्यावर गेलाय.

पत्रास कारण की, आणि बघ, पूर्वी हे एवढं लिहिलं की पुढे काहीही लिहायला मोकळीक असायची. आता सरकार म्हणतं, कारण दिल्याशिवाय भाडेकरूला काढता येणार नाही, आणि कारणही आपल्या मनाचं चालणार नाही. त्यांनी पाच कारणं ठरवून दिलीत, त्यातलंच एक उचलायचं, दुकानात दोऱ्याचे रंग असतात तसं. म्हणतं म्हणजे अजून नुसतं म्हणतंयच. प्रस्ताव आहे, नियम झालेला नाही. लोकांच्या सूचना मागवल्यात, निवडणूक तोंडावर आलीय, तुरी अजून बाजारात आहेत. पण आपल्या गल्लीत भांडी आपटायला सुरुवात झाली. समोरच्या औषधवाल्याचंच घे. त्याच्याकडे सहा वर्षं एक नर्स राहत होती. वेळेवर भाडं, आवाज नाही, वर त्याच्या आईला सुई टोचायची ती फुकट. हा ऐकून आला की पुढे काढता येणार नाही, आणि त्याने तिला दोन महिन्यांत बाहेर काढलं. आता खोली रिकामी, आई सुईवाचून बसलेली, आणि हा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भाडेकरू शोधत हिंडतो. कसा हवा, तर त्या नर्ससारखा. मी विचारलं, मग तिला काढलीस कशाला? म्हणाला, काकू, नंतर काढता आली नसती. मी म्हटलं, नंतर काढायची होती का? म्हणाला, नाही. असल्या डोक्याच्या माणसाच्या हातून मी रक्तदाबाच्या गोळ्या घेते.

मग मतं मागणारा आला. बूट असे चकचकीत की त्यात मला माझंच नाक दिसलं. माझ्या खुर्चीत बसला (मी उभी) आणि म्हणाला, आजी, घर तुमचं, घाम तुमचा, मग काढायला कारण कशाला द्यायचं? आम्ही निवडून आलो की ही कारणांची भानगड बंद. मी म्हटलं, बरं. तिथून उठून तो वर भाडेकरूकडे गेला. आपला जिना तुला माहीत आहे, लाकडी, घरातूनच वर जाणारा. वरचं बोलणं कान झाकले तरी खाली ऐकू येतं, आणि मी झाकत नाही. वर म्हणतोय, काका, माणसाच्या डोक्यावरचं छप्पर कुणी विनाकारण काढून घ्यावं का? आम्ही निवडून आलो की कारणाशिवाय एकालाही हलू देणार नाही. उतरला तसा मी त्याला दारातच गाठला. म्हटलं, आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, त्यातल्या नेमक्या कितव्या पायरीवर तुझं मत बदललं तेवढं सांगून जा. तिथे खडूने खूण करून ठेवते, पुढच्या पक्षवाल्याला वरपर्यंत चढायला नको. तो हसला. त्यांच्यात हसायचं शिकवत असावेत. जाता जाता विचारतो, घरात एकूण मतं किती? मी म्हटलं, माझं एक, वरच्याचं एक, आणि तुझी दोन.

हे होतंय तोवर तुझा फोन. प्रस्ताव मंजूर व्हायच्या आत वरचा मजला रिकामा करून घे, दोन महिन्यांची नोटीस दे, कारणाच्या रकान्यात 'विक्री' टाक, ते सगळ्यात पक्कं, लिहायला काय जातं. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालास, वरचं मोकळं झालं की मग खालचंही बघू. ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. तुझी बरीच वाक्यं मी सोडून देते, नाहीतर आपलं बोलणं राहिलं नसतं.

वर कोण राहतो हे तू विसरला असशील, दोन वर्षांत आला नाहीस म्हणून आठवण करून देते. टाइपवाला. नगरपालिकेच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून देतो तो. अकरा वर्षं झाली. अठ्ठावन्न वय, एकटा, पाय वाजवत चालतो, ओले मोजे बरोबर माझ्या चादरीच्या वर वाळत घालतो, आणि घरी काम आणलं की दर ओळीला त्या यंत्राची घंटा वाजते, टिंग. जेवताना टिंग, पडल्यावर टिंग. माया वगैरे काही नाही, घोरत नाही म्हणून ठेवला. पण एक आहे. या घरातला प्रत्येक कागद अकरा वर्षं त्याच्याच हातून गेलाय. पाणीपट्टीची तक्रार असो, मीटर बदलायचा अर्ज असो, तुझे वडील गेल्यावरचे सगळे दाखले असोत. मी दुसरी पास. मला लिहिता येतं, पण सरकारला लागतं तसं लिहिता येत नाही. तेव्हा नोटीस करायची म्हटल्यावर माझे पाय सवयीने जिन्याकडेच गेले. नवव्या पायरीवर लक्षात आलं की आपण कुणाकडे, कुणाची नोटीस लिहून घ्यायला चाललोय. पण माझे गुडघे अर्ध्या जिन्यात वळत नाहीत. एकदा चढायला लागलं की वरच जावं लागतं.

सांगितलं त्याला. अहो टाइपवाले, तुम्हाला काढायची नोटीस करायची आहे.  त्याने यंत्राला कागद लावला, मध्ये दोन कार्बन घातले आणि म्हणाला, किती महिन्यांची? धंद्याचा माणूस. मी म्हटलं दोन, आणि कारण विक्री. म्हणाला, काकू, घाई करू नका, आज रकाना रिकामा सोडला तरी चालेल, पण दोन महिन्यांच्या आत नवा नियम आला तर ही नोटीस पाचोळ्यासारखी उडेल. पाचही कारणं तपासून बघू, जे सगळ्यात भक्कम असेल ते घालू. मी माझ्याविरुद्ध म्हणून कच्चं काम करणार नाही.

मग बसलो आम्ही दोघं त्याला काढायचं कारण शोधत. भाडं थकलंय का? नाही, पहिल्या तारखेला मी तोंड धुवायच्या आत दारात असतं. ते गेलं. त्रास देतो का? मी म्हटलं, देतो ना, ती टिंग. म्हणाला, धंद्याचा आवाज त्रासात धरत नाहीत, शिवाय तारखेनिशी तीन प्रसंग लागतात. एक त्यानेच सुचवला, नळ उघडा ठेवून गेला होता आणि माझी गादी भिजली तो. तारीख त्याला तोंडपाठ. दुसराही त्याचाच, दूधवाल्याला जिन्यात शिव्या दिल्या तो. (शिव्या मी दिल्या होत्या, हा नुसता उभा होता, पण म्हणाला, माझ्या नावावर टाका, चालेल.) तिसरा काही केल्या सापडेना. अर्धा तास कपाळाला बोट लावून बसला बिचारा. शेवटी म्हणाला, हवं तर येत्या मंगळवारी एक करतो, बुधवारी नोटीस देऊ. मी म्हटलं, काय कराल? विचार केला आणि म्हणाला, ते सुचत नाही, सवय नाही.

मग मोठी दुरुस्ती. घर पडायला आलंय असं दाखवायचं. मी म्हटलं, जिन्याची चौथी पायरी हलते. म्हणाला, मागच्या वर्षी ठोकली. खिडकीची बिजागरी? बदलली. कौलातून गळतं ते? दोन पावसाळे गळलेलं नाही, मीच वर चढलो होतो. मी म्हटलं, अहो, तुम्ही माझी सगळी कारणंच दुरुस्त करून ठेवलीत. तर ओशाळून म्हणाला, तेव्हा प्रस्ताव आलेला नव्हता.

चौथं कारण, जवळच्या नातलगाला राहायला जागा हवी. हे मला आवडलं. लगेच तुझं नाव सांगितलं. तर म्हणतो, कोणत्या तारखेला येणार तेही लिहावं लागतं, आणि आलेच नाहीत तर दंड आहे. यंत्रावर बोटं ठेवून तारखेची वाट बघत बसला. मी डोळे मिटून पाहिलं, तू पेटी घेऊन जिना चढतोयस का ते. पेटी दिसली. तू दिसला नाहीस. म्हटलं, हेही राहू द्या.

तेव्हा उरली विक्री. टाइप केलं त्याने. मालकाचं नाव विचारलं, मी माझं सांगितलं, त्याने घातलं. मग वाचून दाखवलं. काय सांगू, इतकं मुद्देसूद लिहिलं होतं की ऐकता ऐकता मलाच वाटलं, उठावं आणि चार भांडी बांधायला घ्यावीत. सही केली आणि कागद त्याच्यापुढे धरला, तर घेईना. म्हणाला, आत्ता मी लिहिणारा आहे, लिहिणाऱ्याच्या हातात देऊन चालत नाही. तुम्ही खाली जा, मी चष्मा बदलतो, मग येऊन दार वाजवा. म्हणून मी सतरा पायऱ्या उतरले, सतरा पायऱ्या चढले आणि दार वाजवलं. दार उघडून म्हणतो, या काकू, आज इकडे कसं येणं केलंत? कागद घेतला, उजेडाला जाऊन वाचला. आणि खरं सांगते, स्वतःच टाइप केलेला कागद, पण वाचताना त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, अकरा वर्षं झाली हो काकू. मी म्हटलं, मला काय सांगता, तुम्हीच लिहिलंय, दुसऱ्या परिच्छेदात आहे.

चार दिवस वर टिंग नाही. मला वाटलं, जागा बघत हिंडत असेल. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या दारावर टकटक. आमच्यात टकटक कधी नसते, काकू म्हणून हाक मारतो. दार उघडलं तर हा इस्त्रीचा सदरा घालून उभा, हातात पाकीट. नोटिशीचं उत्तर. लिहिलं होतं, आपली नोटीस मिळाली, भाषा उत्तम आहे, पण ती घराच्या मालकाने दिलेली नसल्यामुळे मला लागू होत नाही, कळावे. मी म्हटलं, मालकाने नाही तर काय मांजराने दिली? खाली मान घालून म्हणाला, घर दादांच्या नावावर आहे. (दादा म्हणजे तू.) बक्षीसपत्र मीच टाइप केलं होतं. मी म्हटलं, मग माझं नाव घालताना हात झडला होता का? म्हणाला, टाइप करताना गिऱ्हाईक सांगेल ते नाव घालायचं असतं, काकू. उत्तर देताना मी भाडेकरू.

आठवलं मला. आठ वर्षांपूर्वी तू कागद घेऊन आला होतास. नुसतं नाव बदलायचं, कर भरायला सोपं जातं, बाकी सगळं तेच. मी म्हटलं, सही कुठे करू? तर पेन्सिलने फुली केलेली होती. फुली याचीच.

मग मी त्याच्याच समोर बसले आणि विचार केला. (मला बसूनच करता येतो, तुझ्यासारखा फोनवर चालता चालता जमत नाही.) वरचा मजला एकटा विकायचा म्हणजे कसा? घेणारा काय जिना खांद्यावर टाकून हवेत लोंबकळणार? विकायचं तर वरचं-खालचं मिळून विकायचं. तेव्हा तुझं ते सोडून दिलेलं वाक्य परत आलं, वरचं मोकळं झालं की मग खालचंही बघू. खाली बघण्यासारखं काय आहे? एक कपाट, एक पलंग आणि मी. कपाटाला उठवायला नोटीस लागत नाही.

टाइपवाल्याकडे प्रस्तावाचा अख्खा मसुदा आहे, लोक सूचना टाइप करून घ्यायला येतात म्हणून बाळगतो. म्हटलं, वाचा, कुणाला काय मिळणार ते. तर पावती घेऊन राहणाऱ्या भाडेकरूला काढायचं तर लेखी कारण, चार महिन्यांची मुदत, वर साहेबांपुढे आपलं म्हणणं मांडायची सोय. आणि भाडं न देता नुसत्या मेहेरबानीवर राहणाऱ्याला पंधरा दिवस, तेही तोंडी सांगून. तोंडी, म्हणजे फोनवरही चालेल. मी विचारलं, यात आई कुठे बसते? त्याने बोलून दाखवलं नाही, बोट ठेवलं. चष्मा लावून पाहिलं तर मी तिथे आधीच बसलेली होते. म्हणजे ज्याला काढायला मी सतरा पायऱ्या दोनदा चढले तो चार महिन्यांचा धनी, आणि काढणारी पंधरा दिवसांची पाहुणी. तो मतं मागणारा परवा पुन्हा आला होता, त्यालाही विचारलं, मुलाच्या घरात फुकट राहणाऱ्या आयांचं काय करणार? म्हणाला, आजी, त्या गटाकडून अजून मागणीच आलेली नाही. या वेळी मी त्याला खुर्ची दिली नव्हती, उभ्यानेच म्हणाला.

असो. मी रागावलेली नाही. तू घर विकतोयस असं मी म्हणत नाही, तू तसं म्हणाला नाहीस आणि मी विचारलं नाही. इकडे सगळं ठीक आहे, वरचा वर आहे, खालची खाली आहे, चौथी पायरी घट्ट आहे. तब्येतीला जप, जिने चढत जा.

तुझी आई
(मुक्काम खालच्या मजल्यावर)

ता. क. सोबत टाइप केलेला एक कागद आहे. ती भाडेपावती. घरमालक तू, भाडेकरू मी, खालच्या दोन खोल्या आणि मोरी, या महिन्याच्या एक तारखेपासून. पाकिटात पहिल्या महिन्याचं भाडं ठेवलंय, थोडं वाटलं तर नवा नियम येईपर्यंत वाढवू नकोस, नंतर तुला वाढवताच येणार नाही. पेन्सिलची फुली आहे तिथे सही कर. फुली या वेळी मी केली आहे. कर भरायला सोपं जातं, बाकी सगळं तेच.

ता. क. दुसरा. टाइपवाल्याची नोटीस त्याने स्वतःच फाईलला लावून ठेवली, म्हणतो इतकं चांगलं काम पुन्हा हातून होणार नाही. माझ्या पावतीवर साक्षीदार म्हणून त्याचीच सही आहे, तेव्हा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत तरी त्याला काढता येत नाही. त्यानंतर तर येणारच नाही. टिंग पुन्हा सुरू झाली आहे.

ता. क. तिसरा. तू सही केली नाहीस तरी माझी सोय झाली आहे हे कळावं. वरची लहान खोली तो मला पोटभाड्याने द्यायला तयार आहे, रीतसर पावतीसकट. तुझी लेखी परवानगी लागेल म्हणतो, तो अर्ज टाइप करून ठेवलाय. एकच अट घातली, दूधवाल्याला शिव्या द्यायच्या नाहीत. तेव्हा तिथे माझं फार दिवस निभेलसं वाटत नाही. तू सही केलेलीच बरी.

ता. क. शेवटचा. सरकारला मी एक सूचना पाठवली आहे, मुलाने आईला काढायचं तर त्यालाही पाचातलं एक कारण लेखी द्यावं लागावं. पोचल्याची पावती आली. सूचनेत तुझं नाव घातलेलं नाही, जागा सोडली आहे. सही करणार नसशील तर तुझं कारण तुझ्या हाताने लिहून पाठव, विक्री असेल तर विक्री असं लिही, मला वाचता येतं. उत्तर तूच लिहायचंस. सूनबाईंनी लिहायचं नाही, कचेरीतल्या कुणाकडून लिहून घ्यायचं नाही, वकिलाचं आलं तर न फोडता परत जाईल. आणि फोन करू नकोस, मी उचलणार नाही. तोंडी काय काय चालतं ते मी वाचलंय.